येरवड्याहून परतलेला डबा

स्वाइन फ्लूच्या त्या ऑगस्टमध्ये हडपसरच्या एका सोसायटीत अशी बातमी होती, की तिसऱ्या मजल्यावरची नम्रता पिंपळखुटे रोज संध्याकाळी येरवड्याला जाऊन एका भुताला जेवू घालते. भूत पांढरं लुगडं नेसतं, डबा चाटूनपुसून परत देतं, आणि वरच्या गॅलरीत उभं राहून तिला हातही करतं. बातमी पहिल्या मजल्यावरच्या रावसाहेबांकडून निघाली होती, त्यामुळे तिच्यात थोडं तिखटमीठ असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. तरी त्या आठवड्यात तिच्या दारावरून जाताना माणसं जरा भराभर जिना चढत होती.

बातमी खोटी होती. येरवड्याला भूत नव्हतं, नम्रताची सासू होती. हा फरक सोसायटीतल्या काही सुनांना समजावून सांगायला वेळ लागला, ती गोष्ट वेगळी. त्यातून खरी अडचण अशी, की एक वेळ अशी आली होती जेव्हा खुद्द नम्रतालाही तो फरक छातीठोकपणे सांगता आला नसता.

पिंपळखुटे मंडळी मूळची अमरावतीकडची. संजयला इथल्या कंप्युटर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा बायको, आई आणि एक पितळी देव्हारा घेऊन तो पुण्यात आला. सोसायटीच्या पत्रपेटीवर त्यांचं आडनाव मावेना, म्हणून शेवटचं अक्षर खाली लोंबकळतं ठेवलं. ते अजून तसंच आहे. नम्रता आधी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लासवाल्यानं टाइपरायटर भंगारात काढून कंप्युटर मांडले, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर कंप्युटरवर गेली. बोलणं बेताचं, चालणं भराभर, आणि चेहरा असा की ही हसते आहे की पाहुण्यांना चहा नाही म्हणते आहे, ते कळू नये.

तिच्या सासूबाई कुसुमताई कानांनी ठार बहिऱ्या. पण समोरच्याचे ओठ बघून अख्खं संभाषण उचलायच्या. जिन्याच्या वळणावर हळू आवाजात कुणाची चहाडी करायची सोय उरली नव्हती, कारण त्या वरच्या पायरीवर बसून सगळं 'बघायच्या'. ह्या सासूसुनांचं कधी भांडण झालं नाही. शेजारपाजारनं बरीच वर्षं वाट पाहिली, कान लावले, साखर मागायच्या निमित्तानं डोकावून पाहिलं; काही नाही. त्याचं कारण कुसुमताई एकच सांगायच्या. मीठ हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की भांडण होतं, हा नेम त्यांनी सून घरात आली त्या दिवसापासून पाळला होता. मिठाची वाटी ओट्यावर ठेवायची, हात काढून घ्यायचा, मग दुसरीनं उचलायची. ताटातसुद्धा मीठ वाढताना चमचा कधी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला नाही. नम्रताला आधी हसू यायचं. पुढे तिचा हातही आपोआप तसाच वागू लागला.

त्या उन्हाळ्यात कुसुमताई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि संजयला कंपनीनं नेमकं तेव्हाच अमेरिकेला धाडलेलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने त्यांना उठवायला-बसवायला माणसं लागतील. येरवड्याला, जुन्या तुरुंगाच्या पुढे, एका जुन्या बंगल्यात म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेत. नम्रतानं सासूला गाडी करून तिथे नेलं, स्वतः स्कूटरवर मागून गेली. निघताना तिनं चेहरा समोर धरून, ओठ नीट हलवत सांगितलं, "आई, गौरीच्या जेवणाला तुम्ही घरी. मी न्यायला येते."

कुसुमताईंनी मान हलवली. काही बोलल्या नाहीत. हे न बोलणं नम्रताबरोबर स्कूटरवर बसून हडपसरला आलं आणि घरातच राहिलं.

मग फ्लू आला. शाळा बंद झाल्या, क्लास बंद झाला, बुधवार पेठेतल्या दुकानांची शटरं अर्ध्यावर आली. जो तो तोंडाला फडकं बांधून. ओळखीची माणसं समोरून निघून जायची आणि पुढे गेल्यावर वाटायचं, हे अमुक तर नव्हेत. येरवड्याच्या बंगल्यानं फाटक लावून घेतलं. भेट बंद. कागद, कापड, पिशवी काही आत जाणार नाही. गरम पाण्यानं धुता येईल तेवढंच आत. फोन बहिऱ्या माणसाच्या काय कामाचा? राहिला फक्त स्टीलचा डबा. घरचं जेवण चालेल, पण म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघता सगळं अळणी द्या, असं ऑफिसातल्या बाईंनी बजावलं. नम्रता नियम पाळणारी. तिनं त्या दिवसापासून आमटीत मिठाचा कण टाकला नाही.

फाटकाला एक चौकोनी झडप होती. संध्याकाळी नम्रता तिथे पोचायची, झडप उघडायची, आतून रबरी हातमोजा घातलेला एक हात यायचा, आजचा डबा घ्यायचा आणि कालचा रिकामा पुढे करायचा. हात वॉचमन दत्तोबाचा होता. चेहरा कधी दिसायचा नाही, नुसता हात आणि फडक्याआडून येणारा आवाज.

"बऱ्या आहेत का आई?"

"आसतील की."

पहिल्यांदा परतलेला डबा नम्रतानं मुंढव्याच्या पुलाजवळ थांबून उघडला. तळाशी चिमूटभर साखर होती. चहातली वाचवलेली असावी, थोडी ओलसर. तिला तिथेच रडू आलं आणि फडक्यातल्या फडक्यात नाक पुसायची पंचाईत झाली. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे कुसुमताईंचं दुसरं व्रत. पण आजवर सुनेचा डबा सासूनं परत करायची वेळ आली नव्हती. साखर म्हणजे मी आहे, मी खुशाल आहे, आणि रीत विसरले नाही. रात्री अमेरिकेहून संजयचा फोन आला तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "बऱ्या आहेत. साखर आली."

आणि साखरेच्या जोडीला हातही होता. बंगल्याच्या वरच्या मजल्याला लाकडी गॅलरी होती, मागे मोठं झाड, झाडावर उलटी लटकलेली वटवाघळं. नम्रता फाटकाशी पोचली की त्या गॅलरीत पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी असायची आणि हात वर करायची. लांबून चेहरा कळायचा नाही. हात मात्र सावकाश हलायचा, पाण्यातून हलवल्यासारखा. नम्रताही हात करायची. डबा देऊन स्कूटरला किक मारताना पुन्हा एकदा. घरी आल्यावर शेजारच्या उत्तरेश्वरकाकूंना सांगायची, "आई गॅलरीत येऊन उभ्या राहतात हो माझ्यासाठी."

एकदा हे ऐकताना काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"उभ्या राहतात? अगं, त्यांचा खुबा ना मोडलाय?"

 इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही, एवढंच नम्रताच्या डोक्यात फिरत राहिलं. ज्या बाईला कूस बदलायला दोन माणसं लागतात ती जिना चढून वर जाते आणि कठड्याला धरून उभी राहते, हे आपण आनंदानं मान्य केलं. बघायचं होतं ते बघितलं. मग ती म्हातारी कोण?

दुसऱ्या दिवशी तिनं झडपेशी वाकून विचारलं.

"दत्तोबा, वरच्या गॅलरीत त्या बाई कोण असतात?"

हातमोजा डबा धरून तसाच राहिला.

"वर कुणी ऱ्हात न्हाई, बाई. वरचा जिना बंद हाय. पावसाळ्याच्या आधीपास्नं कुलूप हाय त्याला."

"पण मी रोज बघते."

"बगत आसाल," दत्तोबा म्हणाला, आणि झडप लागली.

तिनं वर पाहिलं. म्हातारी उभी होती. हात वर आला. नम्रताचा हातही सवयीनं अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच लोंबकळला.

त्या दिवशीच्या डब्यात साखर होती असं तिला पुलाजवळ वाटलं. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

चांगलं मूठभर मीठ, दाबून बसवलेलं, आणि त्यावर तीन बोटांचे ठसे. जणू कुणी ठेवून वरून थापटलं होतं. नम्रता पुलाच्या कठड्याशी कितीतरी वेळ उभी राहिली. खालून नदी जात होती की थांबली होती, तेही कळत नव्हतं. कुसुमताई मीठ देणार नाहीत. सगळं विसरतील, नवऱ्याचं नाव विसरतील, पण कुणाला मीठ देणार नाहीत. म्हणजे डबा ज्या हातानं भरला तो त्यांचा हात नव्हे. मग जेवलं कोण? आणि त्या जिथे होत्या तिथे आता कोण आहे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दरवेळी जास्त.

तिनं ऑफिसात फोन केला.

"कुसुम पिंपळखुटे कशा आहेत?"

"आजी बऱ्या आहेत."

"कुसुम आजी?"

"सगळ्या आजी बऱ्या आहेत," बाई म्हणाल्या, त्याच सुरात, जसं गाडी उशिरानं धावत असल्याचं सांगतात.

"एकदा बघता येईल का?"

"ताई, कुणालाच सोडत नाही हो. परवाच एक ॲम्ब्युलन्स येऊन गेली. तुम्हीच समजून घ्या."

कुणासाठी आली होती, हे विचारायला नम्रताचं तोंड उघडेना. तोवर फोन ठेवला गेला होता.

मीठ तिनं फेकलं नाही. फेकायचं कुठे, ह्यालाही रीत असते, आणि रीत सांगणारी बाई येरवड्यात. तिनं ते बरणीत भरलं आणि उत्तरेश्वरकाकूंना दाखवलं. काकूंनी बरणीला हात लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, "तू जेवण कसं पाठवतेस?"

"अळणी. त्यांनीच सांगितलंय."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावी वेशीबाहेर भात ठेवायचे, बाहेरच्यांसाठी. तो अळणी असायचा. त्यांना मीठ चालत नाही ना. म्हणून तर हे मीठ परत येत नसेल?"

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना बोललेलं सोसत नाही आणि न बोललेलंही. मात्र हेच बोलणं जिन्यावरून उतरत रावसाहेबांपर्यंत गेलं आणि तिथून बातमी होऊन वर आलं. रावसाहेब तारखात्यातून निवृत्त झालेले, बातमी पोचवायचा हात अजून तसाच चालू. शिवाय ते स्वतःच नम्रताला जिन्यात अडवून म्हणाले, "अहो, मीठ परत देतं म्हणजे भूत सज्जन आहे. दुसरं असतं तर ठेवून घेतलं असतं."

नम्रता हसली की नाही ते कळलं नाही.

त्या रात्री संजयनं विचारलं, "आई कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे." साखरेचं काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपला आवाज त्या ऑफिसातल्या बाईंसारखा आला.

गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. त्या संध्याकाळी आभाळ इतकं खाली आलं होतं की चार वाजल्यापासूनच दिवेलागण वाटत होती. नम्रता फाटकाशी गेली, झडप उघडली, हात आला. तिनं डबा दिला नाही.

"आधी मला त्यांना दाखवा."

"बाई, माजी नोकरी जाईल."

"मी आत येत नाही. त्यांना दाखवा. नाहीतर त्या नाहीत म्हणून सांगा. मी इथून हलत नाही."

हात तसाच उघडा राहिला. वरच्या गॅलरीत ती उभी होती हे नम्रताला न बघताही कळत होतं. मानेवर कुणाची नजर असली की कळतं तसं. झाडावरची वटवाघळं एकेक सुटायला लागली होती.  मग फाटकाआडून दत्तोबाचा आवाज आला, "आवो, तुमी रोज वरच बगताय. खाली कदी बगितलं का?"

फाटकाच्या गजांतून तळमजल्याची एक खिडकी दिसायची. तिला डासांची बारीक जाळी होती. दिवसाउजेडी ती नुसती काळी चौकट दिसे, भिंतीला पाडलेल्या भोकासारखी. नम्रतानं तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या क्षणी आत कुणीतरी दिवा लावला.

जाळी नाहीशी झाल्यासारखी झाली. खिडकीला टेकवलेल्या कॉटवर, उशांना रेलून, कुसुमताई बसल्या होत्या आणि थेट तिच्याकडे बघत होत्या. पापणी न हलवता. रोज अशाच बघत असणार. रोज सून समोर येऊन उभी राहत होती, त्यांच्याकडे ढुंकून न पाहता वर, भलतीकडेच हात करत होती, आणि निघून जात होती.

 नम्रतानं फाटकाचे गज धरले. खिडकीतून आवाज आला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट.

"तोंडावरचं फडकं काढ. काही कळत नाही."

तिनं फडकं खाली ओढलं. कुसुमताईंनी डोळे बारीक करून तिचा चेहरा, मग ओठ पाहिले.

"तूच आहेस होय. मला वाटलं, दुसरीच कुणीतरी तोंड बांधून येते आणि आपल्या घरचा डबा देते. आपली नम्रता असती तर आधी माझ्याकडे बघितलं असतं. आणि आपली नम्रता अळणी आमटी करत नाही."

"आई, इथल्यांनी सांगितलं. मीठ घालायचं नाही म्हणून." ती ओठ ताणून ताणून बोलत होती. "तुम्ही मीठ का पाठवलंत? मी केवढी घाबरले."

"इथे गुळण्या करायला वाटीभर मीठ ठेवतात रोज. म्हटलं, घरात संपलं असेल तुझ्या. म्हणून पाठवलं."

"पण तुम्ही कधी कुणाला मीठ देत नाही."

"हातावर देत नाही," कुसुमताई म्हणाल्या. "डब्यात दिलं. फाटकावरचा तो हात तुझाही नाही अन् माझाही नाही."

नम्रता रडली असावी. दत्तोबानं पुढे सांगितलं की बाई हसत व्हत्या. तोंड उघडं असूनही नक्की कळलं नाही म्हणे. रडता रडता तिनं गौरीचं विचारलं. नेता येणार नाही, फाटक उघडणार नाही, मी शब्द दिला होता. कुसुमताईंनी हे सगळं ओठांवरून वाचलं आणि हात झटकला. "गौरी दरवर्षी येतात. खुबा दरवर्षी मोडत नाही. पुरणाला मीठ लागत नाही, ते पाठव." मग जरा थांबून, तेवढ्याच मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण तू वर कुणाला हात करतेस गं? वर तर कुणी राहत नाही."

 नम्रतानं वर पाहिलं नाही. डबा दत्तोबाच्या हातावर ठेवला, खिडकीकडे हात केला, आणि वळली. तेव्हा झडपेतून हलक्या आवाजात आलं, "बाई, वर बी एक हात करून जावा. सवय लावलीय तुमी. एकदम तोडू नका."

तिनं मान न वळवता डोक्यावरून हात हलवला. उत्तरादाखल वर काही हललं की नाही, ते तिला माहीत नाही. त्यानंतर फ्लू ओसरेपर्यंत ती रोज आधी खाली बघून हात करायची, मग न बघता वर. ह्याबद्दल पुढे कुणी विचारलं, तर ती विषय बदलायची, आणि ती विषय बदलते म्हणजे काय, हे सोसायटीला तोवर चांगलं कळलं होतं. रावसाहेबांनी एकदा त्या बाजूला जाऊन पाहायचं ठरवलं होतं. सकाळी उजेडात जाऊ म्हणाले. अजून गेलेले नाहीत.

कुसुमताई दसऱ्याच्या सुमारास घरी आल्या, खुर्चीत बसवून चौघांनी जिना चढवला, आणि त्या प्रत्येक मजल्यावर कुणाच्या दारात कोण काय बोलतंय ते बघत वर गेल्या.

पण ते नंतर. गौरीच्या जेवणाच्या दिवशी नम्रता पुरणाचा डबा घेऊन खाली उतरत होती. आमटीही होती, लहान डब्यात. ऑफिसातल्या बाईंशी हुज्जत घालून, डॉक्टरांना विचारायला लावून, तिनं त्यात बेताच्या मिठाची परवानगी मिळवली होती. पहिल्या मजल्यावर रावसाहेब पेपर घेऊन दारातच बसले होते, बरोबर आणखी दोघे-तिघे.

"काय नम्रताबाई," ते म्हणाले, "भूत नीट जेवतं ना?"

नम्रतानं तोंडावरचं फडकं सारखं केलं आणि शांतपणे म्हणाली, "भुताला अळणी चालतं, रावसाहेब. आमच्या सासूबाईंना चालत नाही."